तालावरच्या गेमची एवढी ओढ का लागते?

मालवण तालुक्यातील एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी दहावीत आहे. इतर कोणत्याही मोबाइल गेममध्ये तिला रस नाही, परंतु गाण्याच्या ठेक्यावर पडद्यावरून खाली सरकणाऱ्या पट्ट्यांवर बरोबर वेळी बोट टेकवायचे, अशा प्रकारच्या एका गेमवर ती रोज दोन-तीन तास घालवते. "एकच गाणे ती चाळीस-चाळीस वेळा वाजवते. ऐकून आम्ही कंटाळतो, ती कंटाळत नाही. या गेममध्ये असे काय आहे, आणि परीक्षेचे वर्ष असल्यामुळे तो आता मोबाइलमधून काढून टाकावा का?" असे त्यांनी विचारले आहे.

माझा या विषयाशी संबंध आधी सांगतो, म्हणजे माझे म्हणणे कोणत्या बाजूने येते ते आपल्या लक्षात येईल. गेली तेरा वर्षे मी अशाच गेमसाठी चार्ट लिहितो. चार्ट म्हणजे दिलेल्या गाण्यात कोणत्या क्षणी, कोणत्या रांगेत, कोणती नोट (ती सरकणारी पट्टी) खाली यावी याचा आराखडा. त्यातली पहिली नऊ वर्षे पुण्यात गेली आणि आता हेच काम वेंगुर्ले तालुक्यातील घरी बसून करतो. त्याच्याही कितीतरी आधीपासून, वयाच्या दहाव्या वर्षापासून, मी आमच्या वाडीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवत आलो आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे आजाराविषयी जे लिहीन ते मोजकेच लिहीन. हे गेम आतून कसे बांधलेले असतात हे मात्र मला नेमके माहीत आहे.

बहुतेकांचा समज असा असतो की हे गेम चपळाईचे आहेत: नोट दिसली की झटकन बोट मारायचे. हा समज चुकीचा आहे, आणि या गेमच्या ओढीचे मूळ नेमके त्या चुकीच्या पलीकडे सापडते. पडद्यावर अचानक काही उमटले आणि ते पाहून बोट दाबायचे झाले तर तरुण, सावध माणसालाही साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, लागतो. आता गेम किती मुभा देतो ते पाहा. ऑस्ट्रेलियातील डीन हर्बर्ट यांनी २००७ साली तयार केलेल्या 'ओसू' या गेममध्ये अचूकतेची कसोटी शून्य ते दहा अशा मापाने ठरते. ती पाचवर असेल तर पूर्ण ३०० गुण मिळण्यासाठी ठोका खऱ्या क्षणाच्या सुमारे ५० मिलिसेकंद आगेमागे पडावा लागतो. कसोटी आठवर नेली की ही मुभा ३२ मिलिसेकंदांवर येते आणि दहावर २० मिलिसेकंदांवर. पाहून मग हात हलवणाऱ्याला हे कधीच साधणार नाही. म्हणजे खेळणारा नोटेला प्रतिसाद देत नसतो, तो ती येण्याच्या क्षणाचा अंदाज आधीच बांधून हात सोडत असतो.

५० मिलिसेकंद म्हणजे किती, हे आकड्यावरून कळत नाही, म्हणून आपल्याकडचे उदाहरण देतो. हवेत आवाजाला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. शिमग्यात पालखीपुढे ढोल वाजत असेल आणि आपण सतरा मीटर मागे टाळ घेऊन चालत असाल, तर ढोलाचा ठोका आपल्यापर्यंत पोहोचायला साधारण ५० मिलिसेकंद लागतात. मिरवणूक लांबली की मागच्यांचा टाळ पुढच्या ढोलाशी जुळत नाही याचे एक कारण हेच, आणि जाणत्या वादकाचा कान तेवढ्या फरकानेही अस्वस्थ होतो. आपली मुलगी दर मिनिटाला शंभर-दीडशे वेळा या फटीत बोट बसवते. हे कौशल्य आहे, आणि पुढचे सारे विवेचन ते कौशल्य आहे हे मान्य करूनच करावे लागेल.

या अंदाजात डोळ्यांचे काम तुलनेने थोडे असते. नोट कोणत्या रांगेत आहे हे डोळा सांगतो. बोट केव्हा पडायचे हे कान सांगतो. दिव्याच्या उघडझापीपेक्षा आवाजाच्या ठोक्याशी माणसाचे बोट कितीतरी अधिक नेमके जुळते, हे प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. मेट्रोनोमच्या, म्हणजे ठरावीक लयीत वाजत राहणाऱ्या यंत्राच्या, टिकटिकीबरोबर टिचकी मारायला सांगितले, तर बहुतेक माणसांची टिचकी आवाजाच्या वीस-तीस मिलिसेकंद, कधी त्याहूनही अधिक, आधी पडते आणि त्यांना स्वतःला ती बरोबरच पडली असे वाटते. आपण ठोका ऐकत नसतो, त्याची वाट पाहत असतो, याचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही. घरी करून पाहायचे असेल तर मुलीला एकदा मोबाइलचा आवाज पूर्ण बंद करून तेच गाणे खेळायला सांगा. गाणे पाठ असूनही स्कोअर बहुधा उतरेल, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन मिनिटांत तिचा उत्साह ओसरेल.

वाट पाहण्यात सुख का असावे? ताल ऐकणाऱ्याच्या मेंदूत काय होते, याचा अभ्यास गेल्या पंचवीस वर्षांत बराच झाला आहे. जेसिका ग्राहन आणि मॅथ्यू ब्रेट यांनी २००७ साली दाखवले की स्पष्ट ठेका असलेले आवाज नुसते स्वस्थ पडून ऐकतानाही मेंदूतील हालचालींशी निगडित भाग अधिक जागे होतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जन्मून दोन-तीन दिवस झालेल्या, झोपलेल्या बाळांना तालाचे तुकडे ऐकवले गेले आणि मध्येच पहिल्या मात्रेचा ठोका गाळला गेला. बाळांच्या मेंदूने ती उणीव टिपली. म्हणजे ठोक्याची अपेक्षा आपण शिकण्याच्याही आधीपासून धरतो. वोल्फ्राम शुल्त्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांमुळे हेही माहीत झाले की डोपामिन हे रसायन बक्षिसापेक्षा बक्षिसाच्या अंदाजाशी अधिक बांधलेले आहे: अनपेक्षित लाभ झाला की ते वाढते, अपेक्षित लाभ हुकला की घटते, आणि लाभाची खूण ओळखीची झाली की त्या खुणेलाच वाढू लागते. मॉन्ट्रियलमध्ये व्हॅलोरी सलिमपूर, रॉबर्ट झाटोरे आणि सहकाऱ्यांनी २०११ साली संगीताबाबत असेच काही पाहिले. अंगावर शहारा आणणारी जागा जवळ येत असताना मेंदूच्या एका भागात डोपामिन सुटत होते आणि ती जागा आल्यावर दुसऱ्या भागात.

भजनात किंवा शास्त्रीय मैफलीत बसलेल्या कोणालाही हे नवे वाटू नये. तिहाई घ्या. एकच तुकडा तीनदा वाजतो आणि तिसऱ्याचा शेवटचा ठोका समेवर, म्हणजे तालाच्या आवर्तनातल्या पहिल्या मात्रेवर, येतो. पहिल्या तुकड्यात श्रोत्याला कळते, दुसऱ्यात खात्री पटते, तिसऱ्यात मान आपोआप तयार होते आणि समेला सारी मंडळी एकदम मान हलवतात. त्यातला आनंद समेच्या आवाजात नसतो, कारण तो ठोका इतर ठोक्यांसारखाच असतो. ती येणार हे माहीत होते, केव्हा येणार हे आपण मनात मोजले होते, आणि ती तेथेच आली, हा तो आनंद आहे. तालाच्या गेमने काय केले, तर सोळा मात्रांच्या तीनतालात आवर्तनातून एकदा मिळणारी सम प्रत्येक ठोक्यावर आणून ठेवली आणि ती घेण्याचे काम श्रोत्याच्या बोटावर सोपवले. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात अर्ध्या सेकंदाला एक ठोका येतो. तीन मिनिटांत ३६० ठोके. प्रत्येक ठोक्यावर नोट ठेवली तर ३६० वेळा अपेक्षा आणि ३६० वेळा पूर्तता, आणि दुगुणीत नोटा लिहिल्या तर ७२०. एवढ्या दाट परतफेडीचा दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही.

आता त्या परतफेडीचे स्वरूप पाहू, कारण येथून माझ्या धंद्याचा भाग सुरू होतो. गेम नुसते 'बरोबर' किंवा 'चूक' सांगत नाही. तो 'परफेक्ट', 'ग्रेट', 'गुड', 'मिस' अशा पायऱ्यांनी सांगतो, आणि चांगला गेम 'लवकर' की 'उशिरा' हेही सांगतो. कल्पना करा, पखवाज शिकताना प्रत्येक थापेला कोणी कानात म्हटले की ही अठरा मिलिसेकंद मागे पडली, ही बरोबर, ही पुढे गेली. कोणताही गुरू हे करू शकत नाही. गुरू पाच मिनिटांनी थांबवून "लय धावली" एवढेच म्हणतो. ज्या चुकीचे माप त्याच क्षणी मिळते ती चूक सुधारावीशी वाटते, आणि सुधारायची संधी अर्ध्या सेकंदाने पुन्हा समोर असते. आपली मुलगी तेच गाणे चाळीस वेळा वाजवते ते आपल्याला चाळीस वेळा एकच वाटते. तिच्या लेखी ते चाळीस वेगवेगळे प्रयत्न असतात आणि मागच्यापेक्षा हा कोठे सुधारला हे तिला नेमके ठाऊक असते.

या मापाच्या ताकदीचा मला एक धडा मिळाला, तोही माझ्याच चुकीतून. काही वर्षांपूर्वी एका गाण्याचा चार्ट माझ्या हातून सुमारे ४० मिलिसेकंद सरकलेला राहिला, आणि तो तसाच चाचणीसाठी खेळाडूंकडे गेला. माझी अपेक्षा अशी की लोक वैतागून सोडून देतील. झाले उलटेच: त्यांनी ते गाणे अधिक वेळा खेळले. प्रत्येकाला वाटत होते की आपलाच हात किंचित चुकतो आहे आणि पुढच्या वेळी जमेल. थोडक्यात हुकलेला ठोका पूर्ण चुकलेल्या ठोक्यापेक्षा माणसाला अधिक धरून ठेवतो, हे मला त्या दिवशी पटले. म्हणून माझी पहिली व्यावहारिक सूचना येथेच देतो. मुलगी ब्लूटूथ इअरफोन वापरत असेल तर ते बाजूला ठेवून वायरचे वापरायला द्या. ब्लूटूथमुळे आवाज सहज दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा कानात येतो. बहुतेक गेममध्ये ही दिरंगाई भरून काढण्याची कॅलिब्रेशनची सोय सेटिंगमध्ये असते, पण अनेक मुले ती कधी उघडतच नाहीत आणि यंत्राच्या उशिराशी तास-तास झगडत राहतात. अशा घरात 'गेमचे वेड' म्हणून ज्याची तक्रार होते, त्यातला काही वेळ निव्वळ चुकीच्या जुळणीत गेलेला असतो.

दुसरी गोष्ट कॉम्बोची. न चुकता लागलेल्या ठोक्यांची संख्या पडद्यावर मधोमध वाढत जाते: पन्नास, शंभर, दोनशे. एक ठोका हुकला की शून्य. मिळालेले जपण्याची धडपड ही नवे मिळवण्याच्या इच्छेपेक्षा प्रबळ असते, आणि कॉम्बो तिच्यावर बोट ठेवतो. चार्ट लिहिणारे आम्ही लोक अवघड जागा बहुधा गाण्याचा पाऊण भाग सरल्यावर ठेवतो. त्याला संगीताचे कारण आहेच, कारण गाण्याचा चढही तेथेच असतो. पण दुसरे कारणही आहे आणि ते मी लपवणार नाही. तेथे चुकणाऱ्याचे बरेच काही जाते आणि थोडेच उरलेले असते, त्यामुळे त्याचे बोट 'पुन्हा' या बटणावर विचार करण्याआधी जाते. गाणे अर्ध्यावर तुटलेले असले तर आणखीच, कारण मनातली चाल पुरी व्हायला मागते. हे मी स्वतः लिहिलेले आहे, आणि लहान मुले खेळतात अशा गेमसाठी ते आता मी लिहीत नाही.

मात्र एवढ्यावरून हे सारे जुगारासारखे आहे असा निष्कर्ष काढू नये. जुगाराच्या यंत्रावर हजार वेळा कळ दाबली तरी हात सुधारत नाही. येथे सुधारतो, आणि तो कसा सुधारतो हे पाहण्याजोगे आहे. नवा खेळाडू एकेक नोट वाचतो. महिन्याभरानंतर तो चार-चार, आठ-आठ नोटांचे गट वाचू लागतो: ही जिन्यासारखी उतरण, हा दोन बोटांचा आलटूनपालटून ठोका. पखवाज किंवा तबला शिकणाऱ्याने हे अनुभवलेले असते. सुरुवातीला 'ति-र-कि-ट' ही चार अक्षरे आणि चार बोटे असतात. एके दिवशी 'तिरकिट' हा एकच बोल होतो आणि मन पुढच्या बोलासाठी मोकळे होते. पडद्यावर नोटांचा पाऊस पडताना बघणाऱ्याला जे अशक्य वाटते ते खेळणाऱ्याला वाक्य वाचल्यासारखे दिसत असते. शिवाय बोटांच्या हालचालींचे शिकणे झोपेत पक्के होते. रात्री जमत नसलेला तुकडा सकाळी पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात जमून जातो, आणि म्हणूनच मुले सकाळी उठल्या उठल्या गेम उघडतात. त्यात पालकांना आळस दिसतो. मुलाला कालच्यापेक्षा आपण चांगले झालो आहोत का, हे पाहायचे असते.

अडचणीचे प्रमाणही जुळून यावे लागते. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी कामात पूर्ण बुडून जाण्याच्या अवस्थेचे जे वर्णन केले आहे, त्यात काम आपल्या कुवतीपेक्षा फार सोपे नसणे आणि फार अवघडही नसणे ही अट आहे, आणि उद्दिष्ट स्पष्ट असणे व चूकबरोबर ताबडतोब कळणे या आणखी दोन. तालाच्या गेममध्ये तिन्ही अटी फुकट मिळतात, कारण एकाच गाण्याचे तीन-चार चार्ट असतात आणि खेळाडू आपली पायरी निवडतो. तालाच्या बाजूनेही असाच मध्य सापडतो. मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवले की अगदी सरळ ठेक्यापेक्षा आणि अगदी वाकड्यातिकड्या ठेक्यापेक्षा मधल्या ठेक्यावर, जेथे काही ठोके अपेक्षित जागेवरून थोडे हललेले असतात, लोकांना अंग हलवावेसे सर्वाधिक वाटते. गणपतीतल्या फुगडीत बायका ठाय लयीत सुरुवात करतात आणि लय चढवत नेतात. फार लवकर चढली तर पाय चुकतात, चढलीच नाही तर रंग येत नाही. चांगला चार्ट लिहिणे म्हणजे हेच भान राखणे.

या गेमचा इतिहास मोठा आहे, पण आपल्या प्रश्नापुरता त्यातला एकच धागा घेतो. १९९६ साली जपानमध्ये 'पॅरापा द रॅपर' आला, १९९७ मध्ये कोनामीचा 'बीटमेनिया', १९९८ मध्ये त्याच कंपनीचा पायांनी खेळायचा 'डान्स डान्स रिव्होल्यूशन'. यातले शेवटचे दोन जपानी खेळघरांतल्या मोठ्या यंत्रांवर खेळले जात. नाणे टाकायचे, ठरावीक गाणी खेळायची आणि मागच्याला जागा द्यायची. नाचाच्या गेममध्ये पायही थकत. म्हणजे ओढ तीच होती, परंतु खिसा, रांग आणि शरीर असे तीन बांध तिला होते. २००५ च्या 'गिटार हिरो'ने तो खेळ दिवाणखान्यात आणला, तरी प्लास्टिकची गिटार बाहेर काढावी लागे आणि घरचे भोवती असत. मोबाइलने हे सगळे बांध काढले. दोन अंगठ्यांना थकवा जवळजवळ येत नाही, रांग नाही, आणि प्रत्येक गाण्यानंतर जाहिरात दाखवण्यावर ज्या गेमचे उत्पन्न चालते त्याला तर खेळाडूने थांबू नये असेच वाटते. रोज हजेरी लावल्याचे बक्षीस, आठवडाभराची स्पर्धा, नशिबाने मिळणारी पात्रे, हे तालाशी काहीही संबंध नसलेले सामान त्यावर रचलेले असते. आपल्या मुलीचा गेम यातला किती आहे हे एकदा तिच्याजवळ बसून पाहा. नुसता ताल आणि स्कोअर असेल तर चिंता कमी. हजेरी आणि स्पर्धा तिला ओढत असतील तर गेम बदलण्याचे कारण आहे. एकदाच पैसे देऊन घ्यायचे, जाहिराती नसलेले, इंटरनेटशिवाय चालणारे तालाचे गेमही मिळतात.

आता एका फरकाविषयी, जो मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. आमच्या मंडळात एक मुलगा आला. तालाच्या गेममध्ये त्याचा हात मी पाहिलेल्या उत्तम हातांपैकी होता, म्हणून मीच त्याला पखवाजावर बसवले. ठेका त्याने दोन दिवसांत उचलला. पण अभंग सुरू झाला की तो गायकाला सोडून पुढे जाई किंवा गायकाने ओळीच्या शेवटी सूर धरून ठेवला तरी तो न थांबता वाजवत राही. आमचे बुवा त्याला म्हणाले, "तू बरा वाजयतस, पण आयकणस नाय." बुवांना गेममधले काही ठाऊक नव्हते, तरी त्यांनी वर्मावर बोट ठेवले होते. गेमचे गाणे आधीच ध्वनिमुद्रित असते. ते आपल्यासाठी क्षणभरही थांबत नाही, आपण चुकलो म्हणून सावरून घेत नाही, आपण खुललो म्हणून खुलत नाही. खेळणारा गाण्याशी जुळतो. गाणे खेळणाऱ्याशी जुळत नाही. मंडळात दोन्ही बाजू सतत एकमेकांकडे किंचित सरकत असतात: टाळ मागे पडला तर पखवाज नकळत सैल होतो, मागून साथीला गाणाऱ्या झीलकऱ्यांनी उचलून धरले तर पेटीही चढते. जाखडीच्या नाचात गोलात फिरणाऱ्यांच्या पायातले चाळ एकत्र वाजतात ते कोणी समोर पट्ट्या दाखवतो म्हणून नव्हे, शेजाऱ्याचा पाय कानात असतो म्हणून.

गेममध्ये सम मिळते पण साथ मिळत नाही, आणि माझ्या अनुभवात ओढ अतिरेकाला जाण्याचे कारण येथे आहे. साथीत माणूस तृप्त होतो, कारण तेथे ऐकणारा असतो, दाद असते, आणि शेवटी आरती होते, प्रसाद वाटला जातो, टाळ पिशवीत जातात. रात्रभर चाललेल्या डबल बारीलाही, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यालाही, उजाडण्याची मर्यादा असते. गेममध्ये आकडा मिळतो, आणि प्रत्येक आकड्याच्या वर दुसरा आकडा असतो. तो मुलगा, हेही सांगायला हवे, सहा-सात महिन्यांत ऐकायला शिकला, आणि गेममध्ये कमावलेला नेमकेपणा त्याला तेथे उपयोगी पडला. गेम त्याने सोडला नाही. तो कमी झाला, एवढेच.

आजाराचा प्रश्न थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, गेमच्या विकाराची नोंद आहे. त्यासाठी किती तास खेळतो हा निकष नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर आवडी आणि रोजची कामे मागे पडून खेळ पुढे जाणे, आणि नुकसान होत असूनही खेळणे चालूच राहणे किंवा वाढणे, या गोष्टी आयुष्याची घडी विसकटण्याइतक्या आणि सर्वसाधारणपणे बारा महिने दिसाव्या लागतात. आपण लिहिले आहे त्यावरून मुलगी शाळेत जाते, जेवते, मैत्रिणींत मिसळते. तरीही ती रात्रीची झोप सोडून खेळू लागली, मोबाइल घेतल्यावर दिवसच्या दिवस सैरभैर राहू लागली किंवा खोटे बोलू लागली, तर माझ्यासारख्याचे न ऐकता तज्ज्ञांशी बोला. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर आहे.

तोवर घरी करण्याजोगे दोन बदल सांगतो. पहिला, वेळ मिनिटांत बांधू नका, गाण्यांत बांधा. "दहा मिनिटांत ठेव" असे सांगितले की दहावे मिनिट नेमके गाण्याच्या मध्यावर येते, कॉम्बो दोनशेवर असतो, आणि त्या क्षणी मोबाइल ओढून घेतला तर मुलीचा राग आपल्याला अवाजवी वाटेल. तिच्या बाजूने आपण तिहाईच्या दुसऱ्या तुकड्यात पखवाजावर हात ठेवलेला असतो. "पाच गाणी, मग पुस्तक" हे तिला कळते आणि पाळताही येते. यात हुकलेला प्रयत्नही गाण्यात मोजायचा, हे आधीच ठरवून घ्या, नाहीतर पाचाचे पन्नास होतात. दुसरा, झोपण्याआधीचा तास रिकामा ठेवा, कारण त्या वेळी खेळलेला तुकडा अंथरुणातही बोटांत चालू राहतो.

राहिला गेम काढून टाकण्याचा प्रश्न. तिच्या नकळत काढू नका. बहुतेक गेममध्ये स्कोअर खात्यात साठवलेले असतात आणि तो दोन मिनिटांत परत येतो, त्यामुळे काढण्याने गेम जात नाही, फक्त आपल्यातला विश्वास जातो. तिच्याशी बसून ठरवा की पूर्वपरीक्षेपासून बोर्डाचा शेवटचा पेपर होईपर्यंत गेम मोबाइलवर नसेल, आणि तो तिने स्वतःच्या हाताने काढावा. खाते कोणते, पासवर्ड काय, हे आधी एका कागदावर लिहून ठेवा, म्हणजे आपले स्कोअर हरवतील ही तिची धास्ती जाईल. त्याआधी एका संध्याकाळी, तिला हवे असेल तर, चाळीस वेळा वाजवलेले ते गाणे तिच्या शेजारी बसून स्वतः एकदा खेळा, सर्वात सोप्या पायरीवर. आपण पहिल्या अंतऱ्याच्या आतच अडखळाल. मग तिला विचारा की हाताने नेमके केव्हा सुटायचे, आणि ती काय सांगते ते ऐका. येत्या गणपतीत आपल्या वाडीच्या आरतीला तिच्या हातात झांज द्यायची का, हे त्या उत्तरावरून आपल्याला ठरवता येईल.